बोक्याचं ऑपरेशन करायचंय? काय बदलतंय, काय नाही आणि कसं करायचं

बेळगावात शहापूर, वडगाव, अनगोळकडच्या जुन्या गल्ल्यांतनं अजून कौलाला कौल लागलेली घरं आहेत, एका छपरावर चढलेलं मांजर खाली न उतरता गल्लीच्या दुसऱ्या टोकाला जातंय, त्यामुळं एखाद्या घरातला बोका वयात आला की ते सगळ्या गल्लीला कळतंय. रात्री दोनला छपरावर गळा काढून ओरडणं, सकाळी कान फाटलेला, चपलांच्या स्टँडला वास. मग घरात चर्चा सुरू, आज्जी म्हणते कुठंतरी लांब सोडून या, पोरं रडायला लागतात, आणि कोणतरी म्हणतंय ऑपरेशन करा की, म्हणजे गोट्या काढून खच्ची करा. हे लिहायलोय ते पहिल्यांदाच मांजर पाळलेल्यांसाठी, ज्यांच्याकडं चार ते आठ-दहा महिन्यांचा बोका आहे.

ऑपरेशननं बोक्याचा बोकेपणा उतरतो, स्वभाव तोच राहतो. गोट्यांमधनं येणारं टेस्टोस्टेरॉन बंद झालं की त्याच्या जोरावर चालणारी कामं थंडावतात, म्हणजे भिंतीवर मुताची पिचकारी मारणं, भाटीच्या म्हणजे मादी मांजराच्या मागं चार-चार दिवस गायब होणं, दुसऱ्या बोक्यांशी मारामारी, रात्रीचं ओरडणं. खेळणं, उंदीर मारणं, घाबरटपणा, लाडात येऊन चावणं, सोफा ओरबाडणं यांचा त्या हार्मोनशी फारसा संबंध नाही. लोकांची निराशा होते ती नेमकी इथं, सोफा वाचेल म्हणून ऑपरेशन करतात आणि बोकोबा गुंगी उतरल्याबरोबर परत सोफ्यावर.

आता क्रमानं.

पहिलं काम: तो बोकाच आहे का बघा

हसू नका, दोन महिन्यांच्या पिल्लात भलेभले चुकतात आणि मग ‘राजा’ला चार पिल्लं होतात. शेपटी वर करून बघायचं, वरचं भोक शीचं, त्याच्या खाली दुसरं. दोन्हींमधे चांगलं अंतर असेल आणि मधे दोन मऊ फुगीर गाठी असतील तर बोका, दोन्ही जवळजवळ असतील आणि खालचं फटीसारखं असेल तर भाटी. तांबडं मांजर बहुतेक वेळा बोकाच निघतंय आणि तीन रंगांचं जवळजवळ नेहमी भाटी, हे रंगाचं गणित जनुकांमधलं आहे, अंधश्रद्धा नव्हे, खरं शेवटी शेपटीखाली बघूनच ठरवा.

बोका आहे म्हटल्यावर दोन्ही गोट्या खाली उतरल्यात का हे चाचपून बघा, जमलं नाही तर डॉक्टरांना सांगा. कधीकधी एक पोटातच किंवा जांघेत अडकून राहते. अशा वेळी फक्त बाहेरची काढून टाकली तर आतली हार्मोन बनवतच राहते आणि ‘ऑपरेशन करून पण वास काय जात नाही’ अशी तक्रार येते. आतली शोधून काढायचं ऑपरेशन मोठं असतंय, कधी पोट उघडावं लागतंय, त्यामुळं आधीच विचारून घेतलेलं बरं. रस्त्यावरचा मोठा बोका उचलून आणलाय आणि गोट्या दिसतच नाहीत तर त्याचं आधीच झालंय की दोन्ही आत आहेत? डॉक्टर त्याच्या लिंगावरचे बारीक काटे बघतात, हार्मोन चालू असेल तर ते असतात, ऑपरेशननंतर साधारण दीड महिन्यात ते झडून जातात.

दुसरं: आत्ता काय काय करतोय ते नीट बघा

हा भाग लोक टाळतात आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा हाच आहे. मुतणं आणि पिचकारी मारणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पिचकारी मारताना बोका उभा असतो, पाठ भिंतीकडं, शेपटी सरळ वर आणि तिचं टोक थरथरतंय, मागचे पाय जागेवरच हलतात, आणि थोडंसंच मूत उभ्या जागेवर उडतंय, दार, पडदा, गॅस सिलिंडर, स्कूटरचं चाक. ही त्याची सही आहे, इलाका माझा म्हणून. याच्यावर ऑपरेशनचा चांगला उपयोग होतो. आणि जर तो खाली बसून अंथरुणावर, कपड्यांच्या ढिगावर, न्हाणीच्या कोपऱ्यात भरपूर मूत करत असेल तर ते वेगळं, त्याचं कारण घाण झालेला वाळूचा ट्रे असेल, ट्रे वॉशिंग मशीनच्या शेजारी ठेवला असेल, नाहीतर लघवीला त्रास होत असेल. तिथं ऑपरेशन करून हात हलवत बसू नका, आधी तपासणी.

तसंच चावण्याचं. तीन महिन्यांचं एकटं पिल्लू हाता-पायांवर झडप घालतंय ते खेळ म्हणून, भावंडं नसल्यामुळं किती जोरात चावायचं हे त्याला कुणी शिकवलेलंच नसतंय. त्याला दोरीला बांधलेलं चिंधूक द्या, हातानं खेळवू नका. ऑपरेशननं हे जात नाही, वय वाढलं आणि तुम्ही हात द्यायचे थांबवलात की जातंय.

निपाणी, खानापूर, येळ्ळूरकडच्या शेतकरी मंडळींची शंका ठरलेली, भाताच्या पोत्यांजवळ ठेवायला मांजर पाळलंय, खच्ची केलं की आळशी होऊन उंदीर सोडून देईल. नाही सोडत. शिकार ही भाटी पण करतेच की, पिल्लांसाठी तर जास्तच करते, तिच्यात कुठं टेस्टोस्टेरॉन आलंय. उलट बोका चार दिवस भाटीमागं गायब व्हायचा थांबला तर पोत्यांजवळ जास्त वेळ मिळतोय.

तिसरं: वय आणि वेळ

बोका साधारण पाच-सहा महिन्यांत वयात येतो, काही चारमधेच. त्याच्या थोडं आधी म्हणजे चार-पाच महिन्यांत ऑपरेशन झालं तर बरं, कारण पिचकारी एकदा सवयीची झाली की हार्मोन गेला तरी सवय मागं राहू शकते. वर्ष-दोन वर्षांच्या बोक्याचं केलं तरी फायदा होतोच, भटकणं, मारामारी, पिचकारी दहातल्या आठ-नऊ बोक्यांमधे चांगली कमी होते, खरं वेळ लागतो आणि दहातला एखादा तरीही करत राहतो. लहानपणी केलेल्यात पण साधारण दहात एक पुढं कधीतरी पिचकारी मारतो, म्हणजे शंभर टक्के गॅरंटी कुणी देत असेल तर विश्वास ठेवू नका.

‘एकदा तरी भाटीला लागू दे, मग करू’ असं सांगणारे काका प्रत्येक गल्लीत आहेत. त्याचा बोक्याला काही फायदा नाही, सवय मात्र पक्की होते आणि मारामारीतनं चावे बसतात. हे चावे साधे नसतात, वरनं टिचकीएवढं भोक आणि आत आठवड्यात पू. मांजरांचा एड्स म्हणतात तो एफआयव्ही व्हायरस मुख्य करून असल्या खोल चाव्यांतनंच पसरतो, माणसाला तो होत नाही, मांजराला मात्र जन्मभर राहतो.

दिवस मोठे व्हायला लागले की भाट्या माजावर येतात, त्यामुळं संक्रांतीनंतर बोके सगळ्यात जास्त उधळतात, तुमचा बोका दिवाळीच्या सुमारास चार-पाच महिन्यांचा होत असेल तर तेव्हाच उरकून घ्या. खरं ऐन फटाक्यात नको. गणपतीत पण नको आणि शिवजयंतीच्या चित्ररथाच्या रात्री तर मुळीच नको, गुंगीतनं उठणाऱ्या मांजराला डॉल्बीच्या दणक्यात ठेवणं बरं नव्हे. आमच्याकडच्या धो-धो पावसात केलं तरी चालतंय, फक्त दहा दिवस घरात कोरड्या जागी ठेवता आलं पाहिजे, जखम ओली आणि चिखल लागलेली चालत नाही.

चौथं: डॉक्टर

तालुक्याच्या सरकारी पशु दवाखान्यात जास्त करून गाई-म्हशींचं काम असतंय, काही ठिकाणी मांजराचं करतात, काही ठिकाणी नाही, तेव्हा मांजर उचलून नेण्याआधी एकटे जाऊन विचारून या. बेळगाव शहरात कुत्र्या-मांजरांचे खाजगी दवाखाने आहेत, निपाणीकडचे लोक कोल्हापूर गाठतात ते त्यांना जवळ पडतंय. विचारायचं काय? मांजरांची ऑपरेशनं नेहमी करता का, भूल कुठली देता, वजन करूनच देता ना, दुखायचं औषध देता का, त्याच दिवशी घरी सोडता का, आणि सगळं धरून किती होतील. पैसे दवाखान्यागणिक बदलतात. सहीचा कागद बऱ्याचदा इंग्रजी नाहीतर कन्नडमधे असतो, वाचता येत नसेल तर ‘ओदि हेळ्री’ म्हणा, वाचून सांगतात, लाजू नका.

बैल खच्ची करणाऱ्याकडनं किंवा ‘आमचा एक माणूस आहे, दोन मिनिटात करतो’ असल्यांकडनं करून घेऊ नका. भूल न देता कापणं म्हणजे निव्वळ छळ आहे आणि हे काम १९८४ च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्याप्रमाणं नोंदणी असलेल्या डॉक्टरांचं आहे. इंजेक्शन-गोळ्यांनी माज दाबायचे उपाय पण कोणी सुचवतंय, त्यातल्या काही हार्मोनच्या औषधांनी मांजराला मधुमेह होऊ शकतो.

लसी आधी झालेल्या असाव्यात. तीन रोगांची एकत्र लस दोन महिन्यांपासनं तीन-चार आठवड्यांच्या अंतरानं देतात, रेबीजची तीन महिन्यांनंतर. शिंका, जुलाब, डोळ्यांतनं पाणी असं काही चालू असेल तर ऑपरेशन पुढं ढकला.

पाचवं: आदल्या रात्री आणि त्या दिवशी

भूल देताना पोट रिकामं पाहिजे नाहीतर उलटी श्वासनलिकेत जाते. मोठ्या बोक्याला आदल्या रात्री उशिरा शेवटचं खायला घालून मग बंद, पाणी सकाळपर्यंत ठेवलं तरी चालतंय. छोट्या पिल्लाला मात्र इतका वेळ उपाशी ठेवायचं नाही, त्याची साखर उतरते, किती तास ते डॉक्टरांनाच विचारा आणि तसंच करा. रात्री घराबाहेर सोडू नका, एकतर सकाळी सापडणार नाही आणि बाहेर उंदीर खाऊन आला तर उपासाचा काय उपयोग.

न्यायला कॅरियर नसेल तर झाकणाची बुट्टी किंवा फळांचा प्लास्टिक क्रेट दोन एकमेकांवर बांधून, खाली जुना टॉवेल. पिशवीत किंवा नुसतं मांडीवर घेऊन खानापूरहून बसनं निघालात आणि हॉर्नला घाबरून सुटलं तर ते मांजर परत मिळत नाही.

ऑपरेशन छोटं असतंय. अंडकोषाच्या पिशवीला लहान चीर, गोट्या बाहेर, नळी तिच्यावरच गाठ मारून किंवा दोऱ्यानं बांधून कापतात, आणि बाहेरनं बऱ्याचदा टाकाच घालत नाहीत, जखम आपोआप मिटते. टाका दिसला नाही म्हणून डॉक्टरांशी भांडायला जाऊ नका. पिशवी रिकामी असून सुजून गोट्या असल्यासारखी दिसते, तीही उतरते.

घरी आणल्यावर तो झिंगलेला असतोय, डोळे सताड उघडे, पाय लटपटणारे. एका खोलीत जमिनीवर टॉवेलवर ठेवा, कपाट-माळ्यावर चढू देऊ नका, लहान पोरांना लांब ठेवा, लाइट मंद करा. थंडीत गरम पाण्याची बाटली कापडात गुंडाळून शेजारी, अंगाला चिकटवून नको. पूर्ण शुद्धीवर आल्यावर थोडं पाणी, मग नेहमीच्या अर्धं खाणं. दुसऱ्या दिवशीपर्यंत तो नेहमीसारखा खायला लागायला पाहिजे.

सहावं: पहिले दहा दिवस

वाळूच्या ट्रेमधे दोन-चार दिवस कागदाचे तुकडे घाला, वाळूचे कण जखमेत जातात. चाटायला लागला तर गळ्यात प्लास्टिकची कॉलर घालावी लागते, बिचारा मागं मागं चालतोय, भांड्याला धडकतोय, बघवत नाही तरी घालायचीच. आंघोळ नाही. हळद-तेल, राख, डेटॉल काही लावायचं नाही, डेटॉल आणि फिनाईलसारखी औषधं मांजरानं चाटली तर विष आहे. आणि हे मोठ्या अक्षरात लिहिल्यासारखं वाचा: माणसाची पॅरासिटामॉल, क्रोसिन मांजराला कधीही द्यायची नाही, एका गोळीत मांजर मरू शकतंय. दुखतंय असं वाटलं तर डॉक्टरांना फोन.

रक्त थांबत नसेल, पिशवी लाल होऊन वाढतच असेल, वास येत असेल, एक दिवस उलटून पण खात नसेल तर परत दाखवा. बाकी दहा दिवसांत खपली पडून जाते.

घरात दुसरं मांजर असेल तर एक गंमत होते. दवाखान्याचा वास घेऊन आलेल्या या बोक्यावर ते फिस्कारतंय, जणू परकाच कोणी आलाय. दोघांना एक-दोन दिवस वेगळं ठेवा, एकाचं अंथरूण दुसऱ्याकडं द्या, वास मिसळला की मिटतंय.

सातवं: वागणं कधी बदलतंय

रक्तातलं टेस्टोस्टेरॉन एक-दोन दिवसातच खाली येतंय, वागणं मात्र त्या वेगानं बदलत नाही. मुताचा तो डोक्यात जाणारा वास काही आठवड्यांत सौम्य होतो. भटकणं आणि मारामारी काही बोक्यांत दोन-तीन आठवड्यांत, काहींत दोन-तीन महिन्यांनी कमी होते. ‘आठवडा झाला, काहीच फरक नाही’ म्हणणाऱ्यांनी थोडं थांबावं. आणि लक्षात ठेवा, आधी तयार झालेले शुक्राणू नळीत शिल्लक असतात, त्यामुळं वयात आलेल्या बोक्याला साधारण दीड महिना माजावरच्या भाटीपासनं लांब ठेवा, नाहीतर शेजारची काकू पिल्लांची टोपली घेऊन तुमच्या दारात.

त्यानंतर बहुतेक घरांत दिसतंय ते असं, बोका रात्री घरात जास्त थांबतो, माणसांच्या जवळ जास्त बसतो, घराजवळच्या दोन-चार छपरांच्या पलीकडं जात नाही. वर्षभराच्या आत केलं तर मोठ्या बोक्याचे ते रुंद गाल आणि जाड मान होत नाही, चेहरा पिल्लासारखा राहतो. अंगानं थोडा लांब-उंच होतो कारण हाडांची वाढ जरा उशिरा थांबते, त्यात काही वाईट नाही. गोधडी तुडवत बसणं, कधीतरी उशीवर चढणं हे मात्र काही बोके पुढंही करतात, चालतंय.

सगळ्यात हमखास बदल म्हणजे भूक. शरीराला लागणारी ताकद साधारण पाव हिश्श्यानं कमी होते आणि भूक मात्र वाढते, म्हणजे पहिल्यासारखं ताट भरून ठेवलं तर सहा महिन्यांत पोट जमिनीला. लोक मग म्हणतात ऑपरेशननं सुस्त झाला, सुस्त तो वजनानं होतो. जखम भरली की पाव भाग खाणं कमी करा आणि दिवसात दोन-तीन वेळा मोजून घाला. चार किलोच्या मोठ्या बोक्याला कोरडं कॅट फूड दिवसाला ५० ग्रॅमच्या आसपास पुरतंय, पिशवीवरचा तक्ता बघा. वाढत्या पिल्लाला उपाशी मारू नका, फासळ्या बोटाला लागायला हव्यात पण दिसायला नकोत, ही खूण धरा. आणि दूध-भाकरी हे मांजराचं जेवण नव्हे. मोठ्या मांजराला दुधानं जुलाब होतात, भाकरीत टॉरिन (मांस-मासळीतनं मिळणारं, मांजराला लागणारं सत्त्व) नसतंय, ते नसलं की डोळे आणि हृदय बिघडतंय. शाकाहारी घरात मांजर पाळायचं तर कॅट फूड आणावंच लागतंय, मटणाच्या रश्श्यातला कांदा-लसूण पण चालत नाही आणि खारवलेली सुकी मासळी रोज नको.

आठवं: तरीही पिचकारी मारत असेल तर

आधी जुने डाग घालवा. तुम्हाला वास येत नसला तरी त्याला येतो आणि वास आला की परत तिथंच. फिनाईल मारायचं नाही, ते विष पण आहे आणि अमोनियाचा वास असलेल्या क्लीनरला तो मूतच समजतो. एन्झाइम असलेली कपडे धुण्याची पावडर पाण्यात पातळ करून धुवा, नुसत्या पाण्यानं पुसा, वाळल्यावर स्पिरिट. जागेवर त्याचं ताट मांडलं तर बहुतेक बोके तिथं मारत नाहीत.

मग कारण शोधा. खिडकीबाहेर गल्लीतला दांडगा बोका रोज येऊन बसत असेल तर तुमचा आतनं घाबरून मारतोय, खिडकीच्या खालच्या काचेला कागद चिकटवा आणि बाहेर खाणं ठेवायचं बंद करा. घरात दोन मांजरं असतील तर ट्रे तीन पाहिजेत, वेगवेगळ्या जागी. घराला रंग काढला, पाहुणे आले, नवीन बाळ आलं, यानंही होतंय आणि काही आठवड्यांत उतरतंय. तीन-चार महिने झाले तरी चालूच असेल तर डॉक्टरांना दाखवून लघवी तपासा आणि पोटात अडकलेली गोटी राहिली नाही ना हे पण विचारा.

आणि एक, बोका परत परत ट्रेमधे बसतोय, जोर लावतोय, ओरडतोय आणि थेंबच येतोय किंवा येतच नाही तर ते बद्धकोष्ठ समजून एरंडेल पाजत बसू नका. बोक्याची मूत्रनळी अरुंद असते, ती तुंबली की एक-दोन दिवसांत जीव जातो. हे ऑपरेशनमुळं होतं असं सिद्ध झालेलं नाही, जाड आणि कमी पाणी पिणाऱ्या बोक्यांना जास्त होतं, म्हणून पाण्याची भांडी घरात दोन-तीन ठिकाणी ठेवा आणि कोरड्याबरोबर ओलं खाणं पण घाला. रविवार असो, रात्र असो, त्याच दिवशी दवाखाना गाठा, बेळगावात कोणी भेटलं नाही तर हुबळी-धारवाड नाहीतर कोल्हापूर.